टॉर्क पान्याची नोंद

आई, उद्या सकाळी सिलतऱ्याला कारखान्याच्या गेटवर मला बोलायचं आहे, आणि त्याआधी तुझ्याशी बोलल्याशिवाय तिथं उभं राहता येणार नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. या वर्षांत मी किती सभा केल्या याची मोजदाद नाही. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला. पण तुला सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं, आणि ते काही तोंडातून निघालं नाही. आज रविवार आहे. तुझी सून सदर बाजारात गेली आहे, नात आतल्या खोलीत अभ्यास करते आहे. मी मराठीत हाक मारली की ती हिंदीत ओ देते; तुला हे आवडलं नसतं, आणि तरी तू तिच्याशी हिंदीतच बोलली असतीस. मी ओट्याशेजारच्या टेबलावर वही उघडून बसलो आहे.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या दिवसांपासून सुरुवात करतो. तेव्हा शहराला एकदम घाई सुटली होती. जिथं रिकामी इमारत दिसेल तिथं कार्यालय उघडत होतं, ज्याच्या दारावर काल नुसता नंबर होता त्याच्या दारावर आज पाटी होती, आणि प्रत्येक पाटीला एक गाडी हवी होती. भोपाळहून वाटणीत आलेल्या गाड्या आपल्या खात्याच्या गॅरेजात रांगेनं उभ्या राहिल्या तेव्हा मेकॅनिक लोक म्हणत, "भाऊ बंटवारे में बैल रख लिया, हमको बुढ़िया गाय भेज दी." गाड्या खरोखर थकलेल्या होत्या. इंजिनं खोलावी लागत, पिस्टन, रिंगा, हेड सगळं नव्यानं बसवावं लागे, आणि साहेब लोकांना गाडी उद्या सकाळी दौऱ्यावर हवी असे. बाबा त्याच खात्यात ड्रायव्हर होते. ते गेल्यावर अनुकंपेवर तुला नोकरी मिळाली ती टूल रूममध्ये, औजारं पुसून ठेवायला. पुढं स्टोअरकीपरची बदली झाली, नवा आलाच नाही, आणि सातवी शिकलेली, तुमसरकडच्या खेड्यातून आलेली माझी आई त्या जाळीच्या खिडकीमागची मालकीण झाली.

तुझा नियम साधा होता. प्रत्येक मेकॅनिकला त्याच्या नंबरचे पितळी बिल्ले दिलेले. औजार हवं तर बिल्ला खिडकीत ठेवायचा, कोणत्या गाडीसाठी ते सांगायचं, तू रजिस्टरमध्ये लिहिणार, तो सही करणार, आणि औजाराच्या रिकाम्या खिळ्यावर तू बिल्ला टांगणार. संध्याकाळी एकही बिल्ला खिळ्यावर राहता कामा नये. भल्याभल्यांना तू परत पाठवलंस. एकदा मोठ्या मिस्त्रीनं पाना ग्रीस लागलेलाच परत आणला, तर तू जाळीतून म्हणालीस, "भैया, घरी जेवल्यावर हात पुसता का नाही? मंग याले काहून असाच ठेवता?" तो हसत हसत पुसायला लागला. तुझ्यावर कोणी रागवत नसे, कारण तू ज्या आवाजात बोलायचीस त्याच आवाजात जेवलास का म्हणूनही विचारायचीस.

टॉर्क पाना एकच होता, लाल पेटीतला. दिसायला लांब दांडीचा साधा पाना, पण दांडीवर आकडा लावायचा आणि बोल्ट तेवढा आवळला गेला की तो टक् असा वाजतो. त्याच्यापुढं जोर लावायचा नसतो. मॅन्युअल इंग्रजीत होतं. तू ते माझ्याकडून वाचून घेतलंस आणि कोणत्या गाडीच्या हेडला किती, कनेक्टिंग रॉडला किती, चाकाच्या नटाला किती, हे सगळं शाळेच्या वहीत तुझ्या गोल अक्षरात उतरवून घेतलंस. पाना मागायला आलेल्याला तू गाडी विचारायचीस, वही बघायचीस आणि आकडा लावूनच पेटी पुढं सरकवायचीस. परत आला की दांडी फिरवून आकडा खाली उतरवायचीस. मी विचारलं होतं, कशाला एवढं? तू म्हणालीस, "त्याची स्प्रिंग ताणून ठेवली तं आकडा चुकते. काम झालं का त्याले बी सैल सोडा लागते." यंत्राबद्दल असं बोलणारं माणूस मी पुस्तकांतही पाहिलं नव्हतं, आणि पुस्तकं तेव्हा मी खूप वाचत होतो.

वाचत होतो, म्हणूनच बोलत होतो. विहारात दर रविवारी, जयंतीला चौकात, गॅरेजच्या गेटवर टेम्पररी लोकांच्या सभेत. मी स्वतःही टेम्पररी होतो, आयटीआय करून लागलेला, चोवीस वर्षांचा, आणि नव्या राज्यात कायम करायच्या लोकांची यादी तयार होत होती. त्या यादीत माझं नाव यावं म्हणून तू चतुर्दशीला आणि पौर्णिमेलाही उपास धरलास हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. मी मात्र स्वाभिमानावर भाषणं देत होतो. आणि स्वाभिमानाचा अर्थ तेव्हा मी असा लावला होता की आईच्या खिडकीपुढं बिल्ला घेऊन उभं राहायचं नाही. कारण मी उभा राहिलो की मागून कोणीतरी म्हणायचं, "नेताजी मम्मी से खिलौना माँगने आए हैं." दुसरा म्हणायचा, "सही करा ले बेटा, नहीं तो खाना नहीं मिलेगा." गॅरेजात जुन्या हातांचा एक माज असतो, तुला ठाऊक आहे. मनगट सांगतं किती आवळायचं, असं ते म्हणतात. ज्याला पान्याचा टक् ऐकावा लागतो तो मेकॅनिक कसला. मीही तेच म्हणायला लागलो होतो. मनगटाबद्दल तर मी एक वाक्यही तयार केलं होतं, टाळ्या घेणारं. ते आता इथं लिहीत नाही.

त्या दिवशी पांढऱ्या गाडीचं हेड बसवायचं होतं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याच्याखाली पातळ गॅस्केट, आणि सगळं दाबून धरणारे बोल्ट. ते मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत जायचे, एकदम नाही, तीन फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी टॉर्क पान्यानं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गाडी सकाळी बस्तरच्या दौऱ्यावर जायची होती. साडेचार वाजले होते, सहाला शंकर नगरात टेम्पररी लोकांची सभा होती आणि मुख्य वक्ता मी होतो. मी साध्या रिंग पान्यानं दोन फेऱ्या केल्या, आणि तिसऱ्या फेरीला पान्यात लोखंडी पाइप अडकवून अंगाचा जोर दिला. पाइप लावला की हाताला काहीच कळत नाही. बोल्ट आवळला जातोय की ताणला जातोय, दोन्ही सारखंच लागतं. इंजिन सुरू केलं, ते छान चाललं. मी हात धुतले आणि सभेला गेलो. सभा फार चांगली झाली.

तिसऱ्या दिवशी केशकालच्या घाटातून बातमी आली. चढावर गॅस्केट फुटलं, पाणी उकळलं, गाडी उभी राहिली. ड्रायव्हरनं घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्याचा उजवा हात कोपरापासून खाली भाजला. तो बाबांच्या बरोबरीचा माणूस, आपल्या घरी चहाला येणारा. गाडी ओढून आणली, मोठ्या मिस्त्रीनं हेड उघडलं. बोल्ट एकेक बाहेर काढून फळीवर ओळीनं लावले, तर दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा लांब झालेले, मानेशी बारीक पडलेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाइप लगा था." चौकशी लागली. साहेबांचा पहिलाच प्रश्न असणार होता की टॉर्क पाना खिडकीतून गेला होता का. गेला असेल तर दोष पान्याचा, बोल्टचा, गॅस्केटचा, कोणाचाही. गेला नसेल तर दोष माझा.

त्या संध्याकाळचं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. तू स्टोव्हसमोर पाटावर बसली आहेस, लाखोडीची डाळ शिजते आहे, आणि मी दारात उभा राहून बोलतो आहे. मी म्हणतो आहे की या राज्यातलं प्रत्येक रजिस्टर खोटं आहे. साहेबाची गाडी बायकोला बाजारात नेते आणि लॉगबुकात दौरा लागतो. जे कधी आलंच नाही ते डिझेल जळतं. वरपासून खालपर्यंत सगळे लिहितात, आणि शिक्षा होते फक्त त्याला, ज्याच्याजवळ लिहायला वही नाही. तुझ्याजवळ वही आहे. एक ओळ रिकामी आहे त्या तारखेला, मी पाहिली आहे. एक ओळ, आई, आणि माझा एक बिल्ला. मी बराच वेळ बोललो. तू डाळ हलवत होतीस.

"झालं?" तू विचारलंस. "ताट घे."

"तू लिहिशील का नाही ते सांग."

"मी लिहीन. मंग उद्या दुसरा येईल, म्हणेल मावशी माही बी लाव. त्याले काय सांगू? तू माहा पोट्टा नाही, म्हून तुही नाही लावत?"

"इथं माझी नोकरी जाऊन राहिली अन् तू नियम सांगून राहिली?"

"नियम कोन सांगते. मी त्या मानसाले पाहून आली दवाखान्यात. त्याले हातानं जेवता नाही येत, बायको भरवते. तुहे बाबा बी त्याच सीटवर बसत होते. गाडीत मागं कोनी बी बसो, इंजिनाच्या समोर ड्रायव्हरच असते." आणि मग तू डोकं वर केलंस. "तुले पाना मांगाची लाज वाटली ना? मले समजते. पन तुही लाज त्याच्या हातावर काहून?"

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तू रजिस्टर स्वतः उचलून साहेबांच्या टेबलावर नेलंस. आत काय झालं ते मला मोठ्या मिस्त्रीनं सांगितलं. तू म्हणालीस, साहेब, पाना त्या दिवशी खिडकीतून गेला नाही. साहेब म्हणाले, हा तुमचाच मुलगा ना? तू म्हणालीस, हव. आणि मग तू कमरेला खोचलेल्या पिशवीतून तीन कागद काढलेस. एवढ्या गाड्यांना एकच टॉर्क पाना आहे, आणखी दोन द्यावेत, म्हणून तू तीनदा अर्ज केला होतास, त्याच्या प्रती. साहेबांनी त्या ठेवून घेतल्या. महिन्याभरानं गॅरेजला दोन नवे पाने आले. त्याच आठवड्यात कायम करायच्या लोकांची यादी लागली. माझं नाव नव्हतं, आणि टेम्पररीतूनही मला काढलं होतं.

तीन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. दोन खोल्यांच्या घरात तीन महिने. तू डबा करून ठेवायचीस, मी तो उचलून कामाच्या शोधात निघायचो. सिलतऱ्याला एका कारखान्याच्या मोटार शेडमध्ये लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी डब्यासोबत एक पुडकं होतं. त्यात सॉकेटचा संच, तुमसरच्या मामाकडून नागपूरहून मागवलेला, नवाकोरा. मी तो वापरला. धन्यवाद म्हणालो नाही. आपल्याकडे आईला कोणी म्हणत नाही, ही पळवाट मला सोयीची पडली.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. सिलतऱ्यात मी युनियनचा माणूस झालो तो एका गोष्टीवर. मी गेटवर उभा राहून सांगितलं की मी कोण आहे. मी तो मेकॅनिक, ज्याला सरकारी गॅरेजनं टॉर्क पाना दिला नाही आणि इंजिन बिघडलं म्हणून ज्याला घरी पाठवलं. यांना गाड्या हव्या असतात, औजारं नको असतात. हातात नीट पाना द्या, मग आमच्याकडून नीट काम मागा. लोक उठून उभे राहिले, आई. त्या एका मागणीवर आम्ही भांडलो आणि जिंकलो. आज आमच्या शेडमध्ये टॉर्क पाना आहे, रिंगा दाबून पिस्टन आत घालायचा पट्टा आहे, बेअरिंग ओढायचा पुलर आहे. नाही तर पूर्वी डब्याचा पत्रा कापून आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकून पिस्टन बसवत होते आणि रिंगा तुटत होत्या. मागणी शंभर टक्के खरी होती. फक्त तिच्या पायाशी असलेली गोष्ट खोटी होती, आणि दर वर्षी सांगता सांगता ती मला खरी वाटायला लागली होती.

तू ती ऐकलीस. मे महिन्यातल्या कामगारांच्या सभेत वस्तीतल्या बायांबरोबर आली होतीस, मागं सतरंजीवर बसली होतीस. मला तू दिसलीस तोवर गोष्ट अर्धी झाली होती, आणि अर्ध्या गोष्टीत मला थांबता येत नाही. परत येताना तू माझ्या स्कूटरवर मागं बसलीस. सिग्नलला थांबलो तेव्हा तू म्हणालीस, "लाल पेटीत होता तो. मी रोज पुसत होती." बस. त्यात राग नव्हता. तुला बहुधा एवढंच वाटलं असावं की त्या पान्याचं नाव खराब होऊ नये. सिग्नल सुटला, मी गाडी काढली. पुढं तू सात वर्षं जगलीस आणि तो विषय आपण दोघांनीही काढला नाही.

या आठवड्यात आमच्या शेडमधला एक मेकॅनिक घरी आला. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, हाताचा चांगला. त्यानं कारखान्याच्या मोटारीत कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टनला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बोल्ट टॉर्क पान्याशिवाय आवळले. हायवेवर एक बोल्ट तुटला आणि रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. मागून येणाऱ्या ट्रकनं कसाबसा ब्रेक लावला म्हणून आतली चार माणसं जिवंत आहेत. उद्या दुपारी त्याची चौकशी आहे आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून मला बसायचं आहे. मी विचारलं, "पाना कहाँ था?"

"स्टोर में था भैया."

"लिया क्यों नहीं?"

"छुट्टी का टाइम हो रहा था. लाइन लगी थी." मग तो पुढं सरकला. "स्टोरवाला मान गया है. बस आप बोल दो, पाना मरम्मत में गया था. आपके टाइम में भी तो यही हुआ था न, पाना था ही नहीं."

मी म्हणालो, नाही बोलणार. तो म्हणाला, "आपके लिए सब खड़े हुए थे भैया. मेरी बारी आई तो आप स्टोर का रजिस्टर देखोगे? फिर नेता किस बात के?" चहा तसाच ठेवून तो उठून गेला, आणि जाताना त्यानं जिन्यावर भेटलेल्या तुझ्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या जागी मी असतो तर ठेवला नसता.

मी ठरवलं आहे. उद्या गेटवर आधी माझी गोष्ट दुरुस्त करीन. गॅरेजात पाना होता, खिडकी होती, आकडा लावून देणारी बाई होती, मी मागितला नाही, पाइप लावला, आणि एका ड्रायव्हरचा हात भाजला. हे याच शब्दांत, आवाज न चढवता. पुढच्या महिन्यात युनियनची निवडणूक आहे आणि समोरचे लोक हे वर्षभर चघळतील. चघळू देत. त्यानंतर दुपारी मी त्या मेकॅनिकच्या शेजारी बसेन. पाना मरम्मतीला गेला होता असं एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. त्यानं चूक केली हे मी सांगेन. आणि मग विचारीन की तीन पाळ्यांना एकच टॉर्क पाना का, पाळी सुटायच्या वेळी खिडकीपुढं रांग का लागते, काम संपवायची वेळ मोजणाऱ्यांनी औजार मिळायला लागणारा वेळ कधी मोजला का. तुझ्यासारखे अर्ज आम्हीही केले आहेत, त्यांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. शिक्षा द्या, वेतनवाढ थांबवा, पण त्याची भाकर काढून घेऊ नका, यासाठी मी असा भांडणार आहे की त्या खोलीनं तसं भांडण ऐकलं नसेल. खोट्याच्या आधारानं तो कदाचित सुटला असता. पण मग पुढच्या वेळी पाना हातात घ्यायची गरज कोणाला वाटली असती? आणि हायवेवरच्या गाडीत कोण बसलेलं असतं? हे मला तू डाळ हलवता हलवता एकदा सांगितलं होतंस. समजायला मला इतकी वर्षं आणि पुस्तकांची दोन कपाटं लागली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. वहीतच राहील. पण वही मिटायच्या आधी एक गोष्ट. वर मी लिहिलं की सभेची घाई होती, मित्र टोमणे मारत होते. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. त्या दिवशी साडेचारला खिडकीपुढं कोणी नव्हतं. तू मला हेड उचलून आणताना पाहिलं होतंस. मी मागायच्या आधीच तू पेटी खाली काढलीस, वही बघून आकडा लावलास, आणि ती जाळीच्या कट्ट्यावर माझ्या बाजूला ठेवून वाट बघत उभी राहिलीस. मी पाहिलं, आई. आपली नजरही भेटली. मी वळलो आणि पाइप आणायला गेलो. रजिस्टरमध्ये या गोष्टीला ओळ नव्हती, आणि तूही कधी साहेबांना सांगितलं नाहीस. बाकी सगळं मी उद्या गेटवर सांगणार आहे. एवढं तिथंही सांगणार नाही.